वॉशिंग्टनचा सातबारा

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटाच्या पूर्व टोकास, सेबा नावाच्या गावालगतच्या धावपट्टीवर, अमेरिकेची लढाऊ विमाने उतरली. व्हेनेझुएलाशी अमेरिकेचा तणाव त्या सुमारास विकोपास गेला होता, तेव्हा विमाने तेथे का आली हे सांगावयास कोणा युद्धशास्त्रज्ञाची गरज नव्हती. आमचे लक्ष वेधले ते विमानांनी नव्हे, धावपट्टीने. हा तळ रूझवेल्ट रोड्स या नावाने ओळखला जाई. १९४३ पासून तो अमेरिकी आरमाराच्या सेवेत होता आणि ३१ मार्च २००४ रोजी तो विधिपूर्वक बंद करण्यात आला. धावपट्टी पोर्तो रिकोच्या बंदर प्राधिकरणाकडे गेली, तेथे लहानसा नागरी विमानतळ झाला, बाकीच्या जमिनीवर हॉटेले की कारखाने याची चर्चा वीस वर्षे रेंगाळली. आणि एके दिवशी जुना धनी परत आला. दार वाजविण्याचीही त्यास फारशी आवश्यकता भासली नाही.

जमीन एकदा दिली म्हणजे ती दिली, असा आपला भाबडा समज असतो. सातबाऱ्यावरचे नाव बदलले की मालक बदलला, हे तलाठ्याच्या कचेरीत खरे असेलही. पण ज्या प्रदेशाचे स्वतःचे विधिमंडळ आहे, गव्हर्नर आहे, ध्वज आहे, आणि तरीही ज्याच्यावरील अंतिम सत्ता दूरच्या एका कायदेमंडळाची आहे, तेथे सरकारी मालमत्तेचा हिशेब असा सरळ लागत नाही. पोर्तो रिकोचा सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे या न लागणाऱ्या हिशेबाची वही आहे. ती आम्ही आज वाचकांपुढे उघडीत आहोत.

१८९८ च्या युद्धात स्पेनचा पराभव झाला व पॅरिसच्या तहान्वये पोर्तो रिको अमेरिकेच्या हाती आले. स्पेनच्या राजसत्तेच्या मालकीचे किल्ले, बराकी, धक्के, रस्ते, पडीक व अरण्यभूमी हे सारे तहाच्या आठव्या कलमाने नव्या धन्याकडे गेले. बेटावरील लोकांस कोणी विचारले नाही. तहाच्या टेबलाशी त्यांची खुर्चीच नव्हती. पुढे १९०२ साली अमेरिकी काँग्रेसने एक मोठा मासलेवाईक कायदा केला. राष्ट्राध्यक्षांनी एका वर्षाच्या आत या सरकारी जमिनींतून व इमारतींतून लष्कराकरिता, आरमाराकरिता व इतर राष्ट्रीय कामांकरिता लागेल तेवढे निवडून घ्यावे, आणि जे उरेल ते पोर्तो रिकोच्या सरकारला द्यावे. पाहुण्याने प्रथम आपले ताट वाढून घ्यावे आणि पातेले खरवडण्याचे काम यजमानाकडे सोपवावे, असाच हा प्रकार. फरक इतकाच की, येथे पाहुणा स्वतःस यजमान म्हणवीत होता.

त्या वर्षाच्या मुदतीत झालेल्या निवडींपैकी एक मात्र अशी आहे की, तिच्याविषयी वाईट बोलण्यास आमची लेखणी धजत नाही. लुकियोच्या डोंगरातील अरण्य स्पेनच्या राजाने १८७६ सालीच राखीव केले होते. १९०३ च्या जानेवारीत थिओडोर रूझवेल्ट यांनी ते अमेरिकेचे राखीव वन म्हणून जाहीर केले. आज एल युंके या नावाने प्रसिद्ध असलेले सुमारे अठ्ठावीस हजार एकरांचे हे वन अमेरिकेच्या राष्ट्रीय वनव्यवस्थेतील एकमेव उष्णकटिबंधीय पर्जन्यवन आहे. बेटावरील इतर झाडी ऊस, कॉफी व कोळसा यांसाठी तोडली जात असता हे टिकले. पोर्तो रिकोचा हिरवा पोपट जगात अन्यत्र कोठेही सापडत नाही. १९७५ साली रानात त्याची अवघी तेरा पाखरे उरली होती, आणि त्यांचा शेवटचा आसरा हेच अरण्य होते. दूरच्या मालकाकडून कधी बरे घडतच नाही, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल. सान हुआनच्या समुद्रकाठचे एल मोर्रो व सान क्रिस्तोबाल हे स्पॅनिश किल्लेही केंद्राच्या उद्यान खात्याकडे आहेत, १९८३ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि त्यांची निगा राखली जाते. आपल्या किल्ल्यांची अवस्था पाहणाऱ्याने या बाबतीत अमेरिकेस नावे ठेवण्यापूर्वी दोनदा विचार करावा हे बरे.

पण त्याच रूझवेल्ट यांनी कुलेब्रा नावाच्या चिमुकल्या बेटावर काय केले? १९०१ साली तेथील सारी सरकारी जमीन त्यांनी आरमाराच्या हवाली केली. सान इल्देफोन्सो हे तेथील गाव उठवून दुसरीकडे वसविण्यात आले आणि नव्या वस्तीस ॲडमिरल ड्यूई यांचे नाव देण्यात आले. १९०९ मध्ये याच बेटावर पक्ष्यांसाठी अभयस्थानही घोषित झाले. पुढे अनेक दशके एकाच मातीवर पक्ष्यांस अभय आणि तोफांस मोकळीक अशी ही व्यवस्था सुखाने नांदली! लोकांच्या दीर्घ आंदोलनानंतर १९७५ साली कुलेब्रावरील मारा थांबला. फ्लामेंकोच्या पांढऱ्या वाळूवर गंजलेले रणगाडे अजून उभे आहेत व प्रवासी त्यांच्यावर चढून छायाचित्रे काढतात.

कुलेब्रावरचा मारा थांबला आणि शेजारच्या व्हिएकेसवरचा वाढला. व्हिएकेसची कथा आम्हांस अधिक विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण मालमत्ता व सत्ता यांची गाठ तेथे उघड्या डोळ्यांस दिसते.

मुख्य बेटापासून सात-आठ मैलांवरचे हे बेट लांबीने सुमारे एकवीस मैल, रुंदीने चार, आणि क्षेत्रफळाने तेहेतीस हजार एकर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे सुमारे दहा हजार माणसे राहत. बहुतेक जमीन मोजक्या ऊसमळेवाल्यांची. मळ्यावर राबणारे मजूर मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच जमिनीवर झोपडी बांधून राहणारे, कागदोपत्री कशाचेच मालक नसलेले. १९४१ पासून आरमाराने जमीन संपादण्यास आरंभ केला, युद्ध संपल्यावर पुन्हा एकदा संपादन झाले, आणि दोन्ही मिळून सुमारे सव्वीस हजार एकर, म्हणजे बेटाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग, आरमाराचा झाला. पश्चिमेस दारूगोळ्याची कोठारे, पूर्वेस बाँबफेकीचे मैदान आणि मधल्या पट्टीत माणसे. भरपाई मिळाली ती कागदावर मालक असणाऱ्यास. मजुरांस थोड्या अवधीत घर मोडून मधल्या पट्टीतील एखाद्या तुकड्यावर जाण्यास सांगण्यात आले आणि तो तुकडाही आरमाराचाच होता. साखरेचा कारखाना बंद पडला. मळेवाला रोकड घेऊन मुख्य बेटावर किंवा न्यूयॉर्कला जाऊ शकत होता. मजुराजवळ नेण्यासारखी वस्तू एकच होती, ती म्हणजे त्याचे श्रम, आणि बेटावर त्यांस आता गिऱ्हाईक उरले नव्हते.

युद्धकाळ होता, पाणबुड्यांचा धोका होता, हे आम्ही विसरत नाही. राष्ट्र संकटात असता जमीन घ्यावी लागते. परंतु युद्ध संपल्यावर ती जमीन परत जात नाही, उलट आणखी घेतली जाते, तेव्हा संकटाचे कारण संपून सोयीचे कारण सुरू झालेले असते.

ही सोय कोठवर जाऊ शकते? १९६१ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यात अशी योजना शिजली की, व्हिएकेसचा उरलेला भागही घ्यावा, तेथील सर्व लोकांस अन्यत्र हलवावे, आणि दफनभूमीतील मृतांसही उकरून सोबत न्यावे, म्हणजे थडग्याच्या दर्शनासाठीसुद्धा कोणी परत येण्याचे कारण उरू नये. पोर्तो रिकोचे तत्कालीन गव्हर्नर लुइस मुन्योस मारिन हे काही अमेरिकाद्वेष्टे नव्हते. १९५२ साली 'मुक्त सहयोगी राज्य' हे बिरुद बेटास मिळवून देणारे तेच. परंतु ही योजना पाहून त्यांनी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांस पत्र लिहिले आणि केनेडी यांनी ती बाजूस सारली. मुन्योस मारिन यांचे धैर्य आणि केनेडी यांचा विवेक दोन्ही स्तुत्य. पण पाहा, एका गावाचे जिवंत आणि मृत रहिवासी आपापल्या जागी राहिले ते कोणत्या कायद्याने? कोणत्याच नव्हे. एका माणसाने पत्र लिहिले आणि दुसऱ्याने ते मनावर घेतले, म्हणून.

येथे कोणी म्हणेल की, केंद्र सरकारने आपल्या राष्ट्राच्या हद्दीत जमीन बाळगू नये काय? अवश्य बाळगावी. पुण्या-खडकीत छावण्या आहेत, आणि छावणीच्या हद्दीवरून नगरपालिका व लष्कर यांची कुरबुर ही आमच्या वाचकांस नवी नाही. अमेरिकेतच पाहावयाचे तर नेव्हाडा राज्याची सुमारे ऐंशी टक्के जमीन केंद्र सरकारची आहे. प्रमाणाचाच प्रश्न असता तर नेव्हाडाने व्हिएकेसपेक्षा मोठा आक्रोश करावयास हवा होता. परंतु नेव्हाडातून दोन सेनेटर वॉशिंग्टनला जातात, लोकसभेत सदस्य जातात, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत तेथील मते मोजली जातात. केंद्राची जमीन ही अंशतः त्यांचीही जमीन असते, कारण केंद्र अंशतः त्यांचे असते. पोर्तो रिकोच्या सुमारे बत्तीस लाख रहिवाशांस १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकत्व आहे. त्यांचे तरुण अमेरिकेच्या प्रत्येक युद्धात लढले. पण बेटावर राहून त्यांस राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येत नाही, सेनेटमध्ये त्यांचा कोणी नाही, आणि प्रतिनिधिगृहात त्यांचा जो एक आयुक्त बसतो त्याला सभागृहातील अंतिम मतदानात हात वर करता येत नाही. जो आपल्या प्रतिनिधीमार्फत मालकास जाब विचारू शकतो तो शेजारी. ज्याला ते करता येत नाही तो कूळ.

आम्ही पूर्वाश्रमी शाळेत व्याकरण शिकवीत असू, आणि ती खोड अजून गेलेली नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या चौथ्या अनुच्छेदात काँग्रेसला एक अधिकार दिलेला आहे: संघराज्याच्या प्रदेशाची 'अथवा इतर मालमत्तेची' विल्हेवाट लावण्याचा व त्याविषयी आवश्यक ते नियम करण्याचा. या वाक्यातील 'इतर' या शब्दावर वाचकांनी क्षणभर थांबावे. 'आंबे अथवा इतर फळे' असे म्हणणारा आंब्यास फळ मानीत असतो. 'प्रदेश अथवा इतर मालमत्ता' असे लिहिणारा प्रदेशास मालमत्ता मानतो, हे कोणीही चौथीतील मुलगा सांगेल. घटनाकारांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी ओहायो नदीपलीकडची विस्तीर्ण भूमी होती, जी यथाकाळ राज्ये होऊन संघात यावयाची होती. त्या तात्पुरत्या अवस्थेसाठी लिहिलेले वाक्य एका जुन्या, दाट वस्तीच्या, स्पॅनिश बोलणाऱ्या बेटास कायमचे लागू झाले. १९०१ साली सान हुआनहून न्यूयॉर्कला गेलेल्या संत्र्यांवरील जकातीचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि न्यायमूर्तींच्या बहुमताने निर्णय दिला की, पोर्तो रिको अमेरिकेचे आहे, परंतु जकातीच्या कलमापुरते ते अमेरिकेत नाही. संत्री गेली, निर्णय राहिला. २०१६ साली त्याच न्यायालयाने सांगितले की, पोर्तो रिकोच्या फौजदारी कायद्याचे सामर्थ्यसुद्धा अखेर काँग्रेसकडूनच आलेले आहे. आणि त्याच वर्षी काँग्रेसने बेटाच्या कर्जबाजारी तिजोरीवर सात जणांचे एक वित्तीय मंडळ बसविले, ज्यातील एकही सदस्य बेटाच्या मतदारांनी निवडलेला नाही.

म्हणून केंद्राच्या मालकीचे एकर मोजताना आमची मती कुंठित होते. व्हिएकेसचे सव्वीस हजार मोजावे, की एल युंकेचे अठ्ठावीस हजार, की घटनेच्या त्या एका 'इतर' शब्दाने सबंध बेटच त्या खात्यात धरावे?

पनामाचे उदाहरण येथे आठवल्यावाचून राहत नाही. कालव्याच्या दुतर्फा असाच एक अमेरिकी पट्टा होता, तेथेही तळ, कुंपणे व पाट्या होत्या. १९७७ साली पनामाच्या तोर्रिहोस यांनी कार्टर यांच्याशी करार केला आणि ३१ डिसेंबर १९९९ रोजी कालवा पनामाच्या स्वाधीन झाला. पनामा दुर्बल होता, परंतु राष्ट्र होता. त्यास तहावर सही करण्याचा हात होता. आमच्या पूर्वजांनी १८०२ च्या वसईच्या तहानंतर तैनाती फौजेची चव घेतली आहे. फौज कोणाची आणि तिच्या खर्चाकरिता मुलूख कोणाचा, हे कोडे मराठी मनास समजावून सांगावे लागत नाही. पण बाजीरावाच्या हाती निदान शिक्का होता. पोर्तो रिकोस तोही नाही.

ज्या १९९९ साली पनामाचा कालवा परत जाणार होता, त्याच वर्षी १९ एप्रिल रोजी व्हिएकेसच्या पूर्व भागात सराव करणाऱ्या विमानाचे पाचशे पौंडांचे दोन बाँब लक्ष्य चुकून निरीक्षणठाण्याजवळ पडले. पस्तीस वर्षांचा एक पहारेकरी मरण पावला. तो व्हिएकेसचाच. त्याचे वेतन आरमाराच्या कामावरूनच येत असे, हे दुःख आणखी निराळे. बाँब पडण्यास तेथील लोक सरावले होते. १९७८ साली तेथील कोळी आपल्या लहान होड्या घेऊन युद्धनौकांच्या वाटेत गेले होते, आणि तरीही सराव चालूच राहिला. या वेळी मात्र लोक मैदानातच जाऊन बसले. तंबू पडले, प्रार्थनामंदिरे उभी राहिली, एक वर्षाहून अधिक काळ मारा बंद पडला. उजवे-डावे, राज्य व्हावे म्हणणारे व स्वतंत्र व्हावे म्हणणारे, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एकत्र आले. २००१ च्या जुलैत व्हिएकेसच्या मतदारांचा कौल घेण्यात आला. सुमारे अडुसष्ट टक्क्यांनी आरमाराने ताबडतोब निघून जावे असे सांगितले. या कौलास कायद्याचे बंधन नव्हते. १ मे २००३ रोजी आरमार गेले.

आता गंमत पाहा. जमीन कोणास मिळाली? पश्चिमेकडील सुमारे आठ हजार एकरांपैकी निम्म्याच्या आसपास व्हिएकेसच्या नगरपालिकेस मिळाले, काही एका संवर्धन विश्वस्त संस्थेस. उरलेले, आणि पूर्वेकडील साडेचौदा हजार एकर, गेले अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याकडे, वन्यजीव अभयारण्य म्हणून. एका केंद्रीय खात्याने दुसऱ्या केंद्रीय खात्यास किल्ली दिली. बेटाचा निम्म्याहून अधिक भाग आजही वॉशिंग्टनच्याच नावे आहे. ज्या नऊशे एकरांवर सर्वांत अधिक बाँब पडले, त्यांस कायद्याने 'निर्जन रानभूमी'चा दर्जा देण्यात आला असून तेथे जनतेस प्रवेश नाही. जेथे माणसाने सहा दशके लोखंड पेरले त्या भूमीस मनुष्यस्पर्श न झालेल्या अरण्याच्या वर्गात घालणे, हा राजभाषेचा एक चमत्कारच समजला पाहिजे. शहाणपणाचे कारण असे की, रानात माणूस जावयाचा नसल्यास ते कमी खोलवर साफ करून भागते.

२००५ साली व्हिएकेसचे हे क्षेत्र अमेरिकेतील अत्यंत दूषित स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेले. न फुटलेले बाँब शोधून नष्ट करण्याचे काम तेव्हापासून चालू आहे, आणि ते २०३२ पर्यंत चालेल असा अंदाज देण्यात आलेला आहे. घेताना काही दिवसांची मुदत पुरली. परत करण्यास तीस वर्षे लागत आहेत. त्या काळात केंद्राच्या जमिनीवर नगरपालिकेस कर बसविता येत नाही, आणि जी थोडी मोकळी जमीन उरते तिच्या किंमती बाहेरून येणाऱ्या धनिकांनी चढविल्या आहेत. आरमार गेल्यावर निळे पाणी व रिकामे किनारे जगास दिसले. किनारे रिकामे का राहिले होते, हे विचारण्याची प्रवाशास गरज पडत नाही.

रूझवेल्ट रोड्सचे दार लागले ते यानंतर वर्षाच्या आत. मैदान गेले तर तळाचे प्रयोजन नाही, असे आरमाराचे म्हणणे होते, आणि काँग्रेसने तो बंद करण्याचा हुकूम काढला. बेटावर पुष्कळांस तो सूड वाटला. सूड असो वा हिशेब असो, सेबाच्या बाजारपेठेस त्याची किंमत मोजावी लागली, कारण ज्या तळाविषयी तक्रार होती त्याच तळावर शेकडो घरांच्या चुली पेटत होत्या. केंद्र आले की जमीन जाते, केंद्र गेले की रोजगार जातो, आणि येण्याजाण्याचा निर्णय दोन्ही वेळी ज्यांच्या अंगणात तो अमलात येतो त्यांच्या हातात नसतो. २०२५ साली विमाने परतली तेव्हा बेटावर दोन सूर उमटले, एक संतापाचा आणि एक आशेचा. आशेच्या सुरास आम्ही हसणार नाही. पोट असलेल्या माणसाचा तो सूर आहे.

पोर्तो रिकोने राज्य म्हणून संघात जावे की स्वतंत्र व्हावे, हे आम्ही ठरवू नये. २०२० च्या कौलात बावन्न टक्क्यांनी राज्यत्वाची बाजू घेतली. काँग्रेसवर त्याचेही बंधन नाही. पण तो मोठा प्रश्न सुटेपर्यंत एक लहान गोष्ट करता येण्यासारखी आहे. पोर्तो रिकोच्या विधिमंडळाच्या संमतीवाचून तेथील एक एकरही यापुढे नव्याने घेऊ नये, आणि एकदा सोडलेली भूमी पुन्हा वापरावयाची झाल्यास त्या संमतीची अट आधी पाळावी, असा कायदा काँग्रेसने करावा. ज्यांनी १९०२ साली एका कायद्याने एका वर्षात निवड संपविली, त्यांस हे अवघड जाऊ नये.

२०१७ च्या मारिया वादळात व्हिएकेसचे रुग्णालय निकामी झाले आणि पुढे कित्येक वर्षे नवे उभे राहिले नाही. बाळंतपणास, रक्तशुद्धीच्या उपचारास, मोठ्या दुखण्यास तेथील माणसाला समुद्र ओलांडून जावे लागे. २०१८ पासून ही नाव फाहार्दोऐवजी सेबाच्या धक्क्यास लागते, आणि तो धक्का रूझवेल्ट रोड्सच्या जुन्या तळाच्या हद्दीतच आहे. व्हिएकेसहून येणारा रुग्ण पहिले पाऊल ठेवतो ते त्याच जमिनीवर.